जुन्या स्कूबा टाक्या: तपासणी, व्हॉल्व्ह, हवा भरणं – सगळं एका धाग्यात

खारवारा
पावसाळा सुरू झाला, मालवण-तारकर्लीची बुडी बंद, म्हणजे टाक्यांची कामं काढायचे दिवस. समोर सहा जुन्या टाक्या आहेत. चार अ‍ॅल्युमिनियमच्या 'ऐंशी' (म्हणजे ८० घनफूट हवेच्या, ११.१ लिटर, खांद्यावर डीओटी-३एएल३००० हा अमेरिकी ठसा, ३००० पीएसआय दाबाचा), दोन स्टीलच्या १२ लिटर (२३२ बार, चाचणी दाब ३४८ बार, एम२५×२ आट्यांची मान). अ‍ॅल्युमिनियमपैकी एकीवर लक्सफर (टाक्या बनवणारी कंपनी) आणि ४-८६ (एप्रिल १९८६) असा ठसा आहे, बाकी तिन्ही १९९८ नंतरच्या. एका स्टीलमध्ये १५ बारच्या आसपास हवा गेली काही वर्षं तशीच पडून आहे. एका अ‍ॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह उघडला तरी फुस्स नाही, काहीच नाही.
प्रश्न असा: सहाच्या सहा सरळ जलदाब चाचणीला पाठवाव्यात, की आधी काही बघून गाळता येतात? आणि चाचणीहून आल्यावर काय काय बदलायचं?

नळपाना
आधी गाळा. चाचणीचा खर्च सगळ्यात शेवटी. खांदा वाचायला दोन मिनिटं आणि एक पितळी ब्रश लागतो. (पितळीच. अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश फिरवू नका.)

४-८६ वाली बाजूला ठेवा. त्या काळात अमेरिकेतल्या लक्सफरच्या टाक्या ६३५१ नंबरच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या होत्या. १९८८ च्या मध्यावर त्यांनी ६०६१ धरला. लक्सफरच्या ऑस्ट्रेलियातल्या कारखान्यात ६३५१ चा वापर १९९० पर्यंत आणि ब्रिटनमधल्या कारखान्यात १९९५ पर्यंत चालला, तेव्हा नुसतं साल बघून निकाल देऊ नका, टाकी कुठे बनली तेही बघा. वॉल्टर किडच्या अ‍ॅल्युमिनियम टाक्या ६३५१ च्याच. कॅटालिनाच्या ६०६१ च्या, त्यांची ही भानगड नाही.

६३५१ चा रोग म्हणजे सतत ताणाखाली मानेत हळूहळू वाढणारी चीर. ती आट्यांच्या आतल्या बाजूला, मान आणि खांदा जुळतो तिथे धरते. बाहेरून काही दिसत नाही. जलदाब चाचणीत ती पकडली जाईलच असं नाही, कारण चाचणी सगळ्या टाकीचं फुगणं मोजते आणि चीर असते बोटभर जागेत. अमेरिकेत म्हणूनच या मिश्रधातूच्या स्कूबा टाक्यांना दर पाच वर्षांच्या चाचणीबरोबर एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने आट्यांतली चीर शोधणारी) सक्तीची आहे. चीर सलग दोन आटे ओलांडून गेली की टाकी बाद.

बुडबुडा
नळपाना, थोडं जास्तच नाही का? ६३५१ म्हणजे लगेच बॉम्ब नव्हे. एडी करंटमध्ये पास झाली तर वापरता येते, अमेरिकेत अजून वापरतात.

नळपाना
नियमाप्रमाणे बरोबर. पण इथे ते यंत्र हाताशी असलेला आणि त्याची खूण वाचता येणारा माणूस शोधायचा कुठे? मानेतली घडी किंवा आटे पाडतानाचा ओरखडाही त्या यंत्रात चिरेसारखा दिसतो, त्यामुळे अर्धं काम यंत्राचं आणि अर्धं नजरेचं असतं. शिवाय पूर्ण दाब चढतो तो भरताना, तेव्हा टाकीजवळ उभा असतो भरणारा. त्याने नाही म्हटलं तर वाद घालायचं कारण नाही. एका टाकीसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

नागपूरकर
कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे हा विषय गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतो आणि पेसोकडे (केंद्र सरकारची पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना) आहे. मुख्यालय आमच्याच गावात. सिलिंडर आयात करायला मुख्य विस्फोटक नियंत्रकांची परवानगी लागते, भरायचा तो मंजूर प्रकारचाच लागतो, आणि मुदतीची चाचणी मान्यताप्राप्त केंद्रातच व्हावी लागते. हवेच्या सिलिंडरला पाच वर्षं. म्हणजे खांद्यावर डीओटी आहे एवढ्याने भागत नाही. टाकीबरोबर आयातीचे आणि मंजुरीचे कागद आहेत का ते आधी बघा, नाहीतर चाचणी केंद्रच हात लावणार नाही.
बाद झालेली टाकी भंगारात अख्खी देऊ नका. नियमाप्रमाणे ती चेपून किंवा पुन्हा जोडता येणार नाही अशी वेडीवाकडी कापून नष्ट करायची असते. नुसतं भोक पाडलं की कोणीतरी वेल्डिंग करून विकायला काढतोच.
अवांतर: डाइव्ह दुकानाचा वार्षिक तपासणीचा स्टिकर म्हणजे चाचणी नव्हे. चाचणीचा ठसा धातूत असतो, कागदावर नाही.

टेम्सकाठ
इथे ब्रिटनमध्ये अडीच वर्षांनी आतून-बाहेरून नजरेची तपासणी आणि पाच वर्षांनी जलदाब. अमेरिकेत नजरेची तपासणी दरवर्षी करण्याची रीत आहे. कोकणाच्या दमट हवेत, बोटीवर रोज चार-चार फेऱ्या होत असतील, तर दरवर्षीचीच पद्धत धरा.

नळपाना
आता ती 'फुस्स नाही' वाली. हिला सगळ्यात जपून हात लावा. व्हॉल्व्ह उघडून आवाज आला नाही याचे अर्थ दोन: टाकी रिकामी आहे, किंवा आतली नळी चोंदली आहे आणि टाकी भरलेली आहे.

वजन करा. हवेचं वजन लिटरला १.२ ग्रॅम धरा. ११.१ लिटरची टाकी २०० बारला म्हणजे २२२० लिटर हवा, म्हणजे २.७ किलो. साध्या डिजिटल काट्यावर हा फरक लपत नाही. खांद्यावर रिकामं वजन असेल तर ते घ्या, नसेल तर त्याच बनावटीची, तशाच व्हॉल्व्हची रिकामी टाकी शेजारी ठेवून तोला. बुडाचा रबरी बूट, जाळी, पट्टा दोन्हींचे काढून. पाव किलो जास्त भरली तरी आत १९ बारच्या आसपास हवा आहे असं समजा.

वजन जास्त असेल तर व्हॉल्व्ह मानेतून फिरवायचा नाही. एम२५ च्या तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ पाच चौरस सेंटिमीटर, २०० बारला त्याखाली एक टनाचा रेटा. शेवटचे तीन आटे तो रेटा धरू शकत नाहीत. अशी टाकी चाचणी केंद्राकडे, 'भरलेली असू शकते' असं ठळक लिहून.

खारवारा
वजन केलं. जोडीच्या रिकाम्या टाकीएवढंच, २० ग्रॅमचा फरक. म्हणजे रिकामी.

नळपाना
छान. तरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवूनच काढा, तोंड माणसांकडे नको, आणि पहिल्या पाव फेऱ्यानंतर थांबा. टाकी गोल लाकडी शिकंज्यात किंवा पट्ट्याच्या पकडीत धरा. लोखंडी व्हाइसमध्ये नाही. फिरवायला व्हॉल्व्हच्या चपट्या बाजूंवर बसणारा पाना घ्या, मुठीवर हातोडी मारू नका. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेला पितळी व्हॉल्व्ह आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकमेकांना चिकटतात, मधे पांढरी भुकटी धरते. फारच घट्ट असेल तर मानेवर गरम पाणी ओता. गॅसची ज्योत कधीच नाही.

उष्णतेवरूनच आठवलं: अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला पावडर कोटिंग करून चकाचक केलेली दिसली तर विकत घेऊ नका. त्या भट्ट्या १८०–२०० अंशांवर चालतात. ६०६१ ची ताकद १७५ अंशांच्या आसपासच्या उष्णता प्रक्रियेतून आलेली असते, त्याच्या वर भाजली की ती उतरते. रंग द्यायचाच तर हवेत वाळणारा.

खारवारा
व्हॉल्व्ह निघाले (४-८६ आणि १५ बारवाली स्टील सोडून). आत काय बघायचं?

बुडबुडा
लांब दांडीचा बारीक एलईडी दिवा आणि दाताच्या डॉक्टरकडचा आरसा. मोबाइलला जोडायचा वीस-पंचवीस मिमी जाडीचा कॅमेरा मानेत जाईल न जाईल, सात-आठ मिमीचा बोअरस्कोप (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा) घ्या.
अगोदर वास. खवट तेलाचा वास म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल आत आलंय. मग टाकी आडवी करून हळू फिरवा, सैल काही खळखळतं का. मग मान. आटे मऊ दात-ब्रशने झाडून, एक-एक करून. आटा तुटलेला, चपटा झालेला किंवा आट्याला आडवी काळी रेघ दिसली तर थांबा. रेघ प्रकाशाचा कोन बदलला तरी तशीच धारदार राहिली तर चिरेचा संशय घ्या, तळ चमकायला लागला तर तो बहुधा ओरखडा.
त्याखाली खांद्याची आतली बाजू, मग भिंत, शेवटी बूड. पाणी बुडाशीच साचतं. उभ्या टाकीच्या बुडाशी गोल कडं, आडव्या ठेवलेल्या टाकीच्या एका भिंतीला लांब पट्टा.

नळपाना
यात एक भर. अ‍ॅल्युमिनियममधली सारखी पसरलेली फिकट करडी झाक चालते. पांढऱ्या भुकटीचे ढीग आणि त्याखाली खड्डा असेल तर खोली मोजायची. 'ऐंशी'ची भिंत साधारण ११ मिमी जाड असते, स्टीलची त्याच्या निम्मीसुद्धा नाही. त्यामुळे सारख्याच खोलीचा खड्डा स्टीलला जास्त महागात पडतो. आणि ओळीने लागलेले खड्डे एकट्या खड्ड्यापेक्षा वाईट. मर्यादा निर्मात्याच्या तपासणी पुस्तिकेत असते. अंदाजाने 'चालेल' म्हणू नका.

खारवारा
अ‍ॅल्युमिनियम तिन्ही बऱ्या दिसतात, बंद नळीवालीत बुडाशी चमचाभर पांढरी भुकटी, झाडल्यावर खाली खड्डा नाही. नळी मिठाने चोंदली होती. स्टीलच्या एकीत नारिंगी गंज, बोटाला लागणारा. झाडायला धुण्याचा सोडा वापरावा का? की चिंच?

नळपाना
चिंच घरच्या तांब्याला ठेवा. सोडा तर अ‍ॅल्युमिनियमवर नकोच, तीव्र अल्कली धातूच खाते. अ‍ॅल्युमिनियम: कोमट पाणी, सौम्य साबण, नायलॉनचा ब्रश, गोड्या पाण्याने तीनदा खंगाळणं.
स्टीलचा बोटाला लागणारा वरवरचा गंज काढायला टाकी रोलरवर फिरवतात. आत सिरॅमिक किंवा अ‍ॅल्युमिना खडे, टाकी निम्मी भरेल इतके, पाणी आणि गंजरोधक. हलका गंज काही तासांत जातो. नदीतली वाळू भरून हाताने हलवणाऱ्यांना नमस्कार. खडे काढले की गरम पाण्याने धुवायचं आणि लगेच, म्हणजे खरोखर लगेच, आत लांब नळी सोडून कोरडी गरम हवा मारायची, टाकी तोंड खाली करून. दहा मिनिटं ओली राहिली की नव्याने नारिंगी होते.
गंज काढल्यावरच खाली खड्डे आहेत का ते कळतं. जुन्या काही स्टील टाक्यांत आतून रंगासारखा लेप असतो. तो एका जागी जरी सुटला असेल तर त्याखाली गंज लपतो. लेप पूर्ण काढायचा किंवा टाकी सोडायची.

टेम्सकाठ
जोडताना एका गोष्टीवर सगळ्यांनी थांबा, कारण खारवारा यांच्याकडे दोन्ही जातीचे आटे आहेत.
स्टीलवर एम२५×२: बाहेरचा व्यास २५ मिमी, दोन आट्यांतलं अंतर २ मिमी. अमेरिकी 'ऐंशी'ची मान पाऊण इंची, इंचाला १४ आटे: व्यास साडेसव्वीस मिमीच्या जवळ, अंतर १.८१ मिमी. एम२५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत जातो. थोडा सैल, पण फिरतो, ओ-रिंग दाबली जाते, आणि कमी दाबाला गळतही नाही. भरताना मात्र उडतो. याने माणसं मेली आहेत.
व्हॉल्व्ह काढल्या क्षणी त्यावर आणि टाकीवर एकच नंबर लिहा. दोन्हींच्या गेज मिळतात, जाणारी आणि न जाणारी. गेज नसेल तर निदान ठसे वाचा: व्हॉल्व्हच्या आट्यांजवळ आणि टाकीच्या खांद्यावर. एकीकडे जरी वाचता आलं नाही तर जोडू नका.

नळपाना
सोन्यासारखा प्रतिसाद.
व्हॉल्व्हचं काम असं. मूठ, दांडा, सीट सुटे करा. पितळी भाग निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी यात दहा मिनिटं, मग गोड्या पाण्यात. जास्त वेळ ठेवलं तर पितळ गुलाबी पडतं, म्हणजे जस्त निघून गेलं. सीटच्या नायलॉन तोंडावर खोल गोल खाच पडली असेल तर सीट बदला, मूठ आवळून गळती थांबवायची सवय म्हणजे या खाचेचंच मूळ. मानेची ओ-रिंग: पाऊण इंचीला २१४ नंबर. योक (रेग्युलेटर अडकवायची चौकट) बसते त्या तोंडाची ०१४, ९० कडकपणाची. एम२५ ची वेगळी, २१४ बसते म्हणून बसवू नका. ग्रीस सिलिकॉनचं, बोटावर दिसेल न दिसेल इतकं. ऑक्सिजन मिसळून नायट्रॉक्स करायचं असेल तर सिलिकॉन अजिबात नाही, ऑक्सिजनला चालणारं ग्रीस आणि त्या दर्जाची स्वच्छता.
अमेरिकी व्हॉल्व्हमध्ये दाब फार चढला की फुटणारी चकती असते. ३००० पीएसआय टाकीला ५००० ची. चाचणीच्या वेळी ती नवी घाला, आणि एकावर एक दोन चकत्या कधीही नाही. आतल्या तोंडाची पाच सेंटिमीटरची नळी नसेल तर लावा, टाकी उलटी झाली की मीठ आणि गंज तिच्यामुळेच रेग्युलेटरपर्यंत जात नाही.
पाऊण इंची व्हॉल्व्ह अ‍ॅल्युमिनियममध्ये ५५ ते ६८ न्यूटन-मीटर. एम२५ ला निर्मात्याचा आकडा. दाब आल्यावर ओ-रिंगच सील करते, पान्यावर लोंबकळून काही मिळत नाही.

बुडबुडा
चाचणीचं कोणी लिहिलं नाही. टाकी पाण्याने भरून पाण्याच्याच बंद डब्यात ठेवतात, आतला दाब चढवतात (३००० ला ५०००, म्हणजे पाच-तृतीयांश, युरोपी टाकीला दीडपट, २३२ ला ३४८) आणि फुगलेल्या टाकीने ढकललेलं पाणी काचेच्या नळीत मोजतात. डीओटी टाकीला किमान ३० सेकंद. दाब उतरवल्यावर जे फुगणं राहतं ते एकूण फुगण्याच्या १० टक्क्यांवर गेलं की बाद. समजा ६० मिली फुगली आणि ३ मिली राहिली: ५ टक्के, पास.
परत आलेली टाकी पहिल्यांदा उलटी करून बघा. चाचणीचंच पाणी आत ठेवून व्हॉल्व्ह लावून दिलेल्या टाक्या कमी नाहीत.

खारवारा
आणि ती १५ बारवाली स्टील?

टेम्सकाठ
ती हवा कोणीही श्वासात घेऊ नका, 'बघू जरा चव' म्हणूनही नाही. गंज ऑक्सिजन खातो. १२ लिटर, १५ बार म्हणजे १८० लिटर हवा, त्यात ३८ लिटर ऑक्सिजन. २१ टक्क्यांवरून १६ वर यायला ३३ ग्रॅम लोखंड गंजलं की पुरे. तीच टाकी २०० बारला भरलेली असती तर साडेचारशे ग्रॅम लागलं असतं. म्हणून धोका थोडी हवा राहिलेल्या, ओल्या टाकीत जास्त. उघड्यावर हळूहळू सोडा, जमलं तर ऑक्सिजन मीटर धरून बघा. आकडा २०.९ च्या खाली दिसला तर आत काय आहे ते व्हॉल्व्ह काढण्याआधीच कळलं.

नागपूरकर
भरण्याचं काय? मे महिन्यात हवेत पाणी किती असतं याचा कोणी हिशेब केलाय का?

बुडबुडा
करू या. ३२ अंश, ७५ टक्के आर्द्रता: घनमीटरला २५ ग्रॅम पाणी. रिकामी 'ऐंशी' २०७ बारपर्यंत भरायला २.३ घनमीटर हवा लागते, म्हणजे कॉम्प्रेसरने ५७ ग्रॅम पाणी ओढलं. एक कटिंग चहा. युरोपी मानक ईएन १२०२१ प्रमाणे भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेत घनमीटरला २५ मिलिग्रॅमच चालतं, म्हणजे त्याच टाकीत ५७ मिलिग्रॅम, एक थेंब. कटिंग आत, थेंब बाहेर. मधलं सगळं सेपरेटर आणि फिल्टरने धरायचं.
म्हणून दर १५ मिनिटांनी निचरा. फिल्टरकडे जाणारी हवा दहा अंशांनी तापली की ती जवळजवळ पावणेदोनपट पाणी घेऊन जाते आणि फिल्टरचं काडतूस तितकं लवकर संपतं. पुस्तिकेतले तास २० अंशांचे असतील तर देवबागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते धरू नका. फिल्टरमधलं हॉपकलाइट (कार्बन मोनॉक्साइड काढणारं रसायन) ओलं झालं की कार्बन मोनॉक्साइड धरत नाही, आणि हा वायू वासाने कळत नाही. त्याच युरोपी मानकात मर्यादा ५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत पाच), बुडीच्या हवेच्या अमेरिकी ई दर्जात १०. तीस मीटरवर चारपट दाब, म्हणजे १० चा परिणाम पृष्ठभागावरच्या ४० सारखा. पेट्रोल इंजिन असेल तर हवा ओढणारी नळी वारा येतो त्या बाजूला, उंच. वारा फिरला की नळीही फिरवा.

खारवारा
भरताना टाकी पाण्याच्या पिंपात ठेवावी ना? गार राहते.

नळपाना
यावर भांडणं होतात. माझं मत: नको. टाकीत खारं पाणी जातं ते बहुतेकदा व्हॉल्व्हच्या तोंडात राहिलेल्या थेंबातून, आणि पिंपाशेजारी हात-तोंड-योक सगळंच ओलं असतं. सावकाश भरा, मिनिटाला २० ते ४० बार. जोडण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून फुंकर मारा, योकचं तोंडही कोरड्या फडक्याने पुसा. पिंप वापरायचंच असेल तर पाणी खांद्याच्या खाली.
गरम भरलेली टाकी ५० अंशांना २०७ दाखवत असेल तर २८ अंशांना १९३ वर येते. गार झाल्यावर वरून भरा. आधीच २२० पर्यंत चढवून 'गार झाली की बरोबर येईल' हा हिशेब नको.
जुनी रिझर्व्ह दांडीची जे-व्हॉल्व्ह टाकी हाती लागली तर दांडी खाली ओढून भरा, नाहीतर ती अर्धवटच भरते.

खारवारा
ठरलं: ४-८६ कापायची, तीन अ‍ॅल्युमिनियम आणि दोन स्टील चाचणीला, १५ बारवाली आधी मोकळी करून. शेवटचा प्रश्न: रबरी बूट ठेवायचे की काढायचे?

बुडबुडा
पावसाळाभर काढा. बुटाखाली खारं पाणी अडकतं आणि स्टीलचं बूड बाहेरून तिथेच सडतं. स्टिकरखालीही तसंच. गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, २०–३० बार कोरडी हवा ठेवून उभ्या करा, अंगाला दोरी, म्हणजे मांजराने पाडायला नको. आणि बूट परत चढवताना आतल्या बाजूची शंख-वाळू झाडा, ती सँडपेपरचं काम करते.